लोहगावचा पुणे विमानतळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या विमानतळाबद्दल दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. काही प्रवासाच्या आदल्या रात्रीचे असतात: मेट्रोनं जाता येईल का, कॅब कुठे मिळते, फराळाच्या डब्याला अडवतात का. दुसरा प्रश्न शहरातल्या सगळ्यांचा आहे: एवढी देखणी इमारत झाली, मग लंडनला, फ्रँकफर्टला जायला अजून मुंबई का गाठावी लागते? इथं दोन्हींची उत्तरं दिली आहेत. दुसऱ्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण रांगा, उशीर, वेळापत्रक यांची मुळंही बरीचशी तिथेच सापडतात.

हा विमानतळ नेमका कोणाचा?

धावपट्टी भारतीय वायुदलाची, प्रवासी इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी, १९३९ मध्ये, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी लोहगावला तळ उभारला. १९४७ मध्ये तो भारतीय वायुदलाकडे आला. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमानं इथून उडाली होती. १९९७ मध्ये वायुदलात आलेली पहिली सुखोई-३० लोहगावलाच दाखल झाली. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये सुखोईतून उड्डाण केलं, तेही इथूनच.

आजही हा लढाऊ विमानांचा चालू तळ आहे. विमानांना उतरण्या-उडण्याची परवानगी देणारा नियंत्रण मनोरा वायुदलाच्या ताब्यात आहे. नागरी विमानांना त्यात वेळा दिल्या जातात. वायुदल घरमालक आणि आपण भाडेकरू, असा हा संसार आहे. भाडेकरूनं आपली खोली कितीही सजवली, तरी अंगण घरमालकाच्या सोयीनंच वापरायचं असतं. यात वायुदलाला दोष देण्यासारखं काही नाही. ते इथं आधीपासून आहेत आणि देशाच्या संरक्षणाचं काम करतात.

नव्या टर्मिनलमुळे काय बदललं?

प्रवाशाला श्वास घ्यायला जागा मिळाली. जुनी इमारत साधारण २२,३०० चौरस मीटरची होती. २००८ मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा भरल्या त्या सुमारास ती वाढवली होती, पण पुढच्या दहा वर्षांत शहर तिच्या कितीतरी पुढे निघून गेलं. सकाळी सहाच्या विमानाला सुरक्षा तपासणीची रांग कुठे सुरू होते तेच कळायचं नाही. बसायला खुर्ची मिळाली नाही म्हणून गेटजवळ जमिनीवर बॅगेला टेकून बसलेली माणसं रोज दिसायची.

नवी इमारत साधारण ५२,००० चौरस मीटरची आहे. १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी तिचं दूरस्थ पद्धतीनं उद्‌घाटन केलं. प्रत्यक्ष विमानं सुटू लागली ती १४ जुलै २०२४ पासून. मधले चार महिने सुरक्षेच्या मंजुऱ्या आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं मनुष्यबळ यांच्या प्रतीक्षेत गेले. या इमारतीत ३४ चेक-इन काउंटर आणि ५ नवे एरोब्रिज (इमारतीतून थेट विमानात नेणारे पूल) आहेत, त्यामुळे जुने धरून एकूण १० एरोब्रिज झाले. चेक-इनच्या सामानाची तपासणी पट्ट्यावरच आत होते. पूर्वी बॅग एका यंत्रातून काढून, पट्टी लावून, पुन्हा काउंटरच्या रांगेत उभं राहावं लागे. ते आता करावं लागत नाही, आणि लहान मुलं व चार बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबाला याचं मोल जास्त कळतं.

दर्शनी बाजूला मराठेशाही वास्तूंच्या धर्तीच्या कमानी आणि स्तंभ आहेत. मला ते आवडतात. बहुतेक विमानतळ काचेच्या एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. इथं उतरलेल्या माणसाला आपण कुठे आलो याची थोडी तरी खूण पटते.

दोन्ही इमारती मिळून किती प्रवासी सामावतात?

जुनीची क्षमता वर्षाला सुमारे ७० लाख, नवीची ९० लाख. म्हणजे कागदावर १ कोटी ६० लाख. दोन्ही इमारती लागूनच आहेत, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जायला मुंबईसारखी बस किंवा टॅक्सी लागत नाही.

प्रत्यक्षात किती लोक प्रवास करतात?

२०१८-१९ मध्येच पुण्यानं ९० लाखांचा आकडा पार केला होता. म्हणजे तेव्हाची ७० लाखांची इमारत केव्हाच तुंबली होती. मग कोविड आला. २०२३-२४ मध्ये आकडा ९५ लाखांच्या घरात गेला आणि २०२४-२५ मध्ये १ कोटीच्या वर.

ही वाढ कुठून आली हे शहरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या संगणक कंपन्या. चाकण-रांजणगावचे वाहन कारखाने. देशभरातून शिकायला येणारी मुलं. शिवाय सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतले लोक दिल्ली, बंगळुरू, कोलकात्याला जायला पुण्यालाच येतात. कोल्हापूरचा विमानतळ सुरू आहे, सोलापूरहून २०२५ पासून गोव्याला आणि पुढे मुंबईलाही विमानं सुटू लागली. पण दूरच्या शहरांसाठी पश्चिम महाराष्ट्राची भिस्त अजून लोहगाववरच आहे.

इतके प्रवासी असताना परदेशी विमानं इतकी कमी का?

कारण इमारत वाढली, धावपट्टी वाढली नाही. पुण्याच्या विमानतळाबद्दल एकच गोष्ट कोणाला सांगायची झाली तर मी ही सांगतो.

धावपट्टीची लांबी २,५३५ मीटर आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४०० मीटरच्या वर आहे, नवी मुंबईची ३,७०० मीटर. नुसता हा फरकही बराच आहे, पण पुण्याला त्यात आणखी दोन गोष्टी नडतात. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंचीवर आहे आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. उंचावर हवा विरळ असते आणि तापल्यावर आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे तेवढंच वजन उचलायला विमानाला जास्त धावावं लागतं. मुंबईत समुद्राच्या पातळीवर जे विमान आरामात उडेल, त्याला पुण्यात मे महिन्याच्या दुपारी धावपट्टी अपुरी पडू शकते.

आता लंडन किंवा फ्रँकफर्टचं विमान डोळ्यांपुढे आणा. नऊ-दहा तासांचं इंधन, अडीचशे-तीनशे माणसं, त्यांचं सामान, पोटात माल. एवढ्या वजनाचं मोठं विमान इथून उडवायचं तर इंधन तरी कमी भरावं लागेल, नाहीतर माणसं आणि माल तरी. इंधन कमी भरलं तर वाटेत कुठेतरी उतरावं लागतं. खुर्च्या रिकाम्या ठेवल्या तर कंपनीला परवडत नाही. म्हणून लांब पल्ल्याची मोठी विमानं पुण्याचं नाव काढत नाहीत. प्रवासी नाहीत म्हणून येत नाहीत, असं मुळीच नाही.

याचा दाखला आपल्याकडेच आहे. २००८ मध्ये लुफ्तान्झानं पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली होती. पुण्यात जर्मन कंपन्यांचे कारखाने आणि कचेऱ्या भरपूर, त्यामुळे मागणी होतीच. पण त्या मार्गावर ठेवलं होतं मोजक्या आसनांचं लहान बोइंग ७३७. सेवा मध्ये थांबली, परत आली आणि शेवटी बंद पडली.

मग धावपट्टी लांबवत का नाहीत?

प्रस्ताव आहे, त्यावर सर्वेक्षणं आणि बैठका होत आल्या आहेत. पण हे काम टर्मिनल बांधण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे आता शहर आहे. पश्चिमेला विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर. पूर्वेला लोहगावची वाढती वस्ती आणि त्यापुढे वाघोली. धावपट्टी वाढवायची म्हणजे जमीन घ्यायची, त्यासाठी महापालिका आणि राज्य सरकारनं पैसे उभे करायचे, काही रस्ते वळवायचे. नुसती पट्टी वाढवून भागत नाही. विमान ज्या उतारानं खाली येतं त्या वाटेत इमारत, टाकी, मनोरा, टेकडी येते का हे मीटर-मीटरनं मोजावं लागतं. आणि धावपट्टी वायुदलाची असल्यानं प्रत्येक पायरीवर संरक्षण मंत्रालयाची संमती लागते.

वीस वर्षांपूर्वी हे काम हाती घेतलं असतं तर तिथली बरीच जमीन मोकळी होती. आता जितका उशीर होईल तितकी पुढ्यातली घरं वाढत जाणार. म्हणून मला वाटतं, पुण्याच्या लोकप्रतिनिधींना नव्या विमानसेवांबद्दल विचारण्याआधी जमिनीच्या कामाची तारीख विचारायला हवी. सध्या पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ हेच केंद्रात नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री आहेत, तेव्हा विचारायला जागाही जवळ आहे.

सध्या पुण्याहून थेट परदेशात कुठे जाता येतं?

मुख्यतः दुबई आणि बँकॉक. इंडिगोनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये या दोन्ही सेवा सुरू केल्या. दुबईला त्याआधीही इतर कंपन्यांची विमानं जात होतीच. सिंगापूरची सेवा विस्तारानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली होती. विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यावर, २०२५ च्या जूनमध्ये, एअर इंडियानं ती थांबवली.

नकाशावर ही ठिकाणं पाहिली तर धावपट्टीचा हिशोब पुन्हा दिसतो. तिन्ही शहरं मध्ये एकच मार्गिका असलेल्या लहान विमानाच्या टप्प्यातली आहेत. अशी विमानं पुण्याहून भरून उडू शकतात. वेळापत्रकं हंगामागणिक बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

विमान धावपट्टीजवळ जाऊन थांबून का राहतं?

बऱ्याचदा वायुदलाची उड्डाणं चाललेली असतात. विमान चाकांवर हळूहळू चालत धावपट्टीच्या तोंडाशी येतं, थांबतं, आणि कॅप्टन सांगतो की थोडा वेळ लागेल. खिडकीशी बसला असाल तर आधी काहीच दिसत नाही, फक्त दुरून घरघर ऐकू येते. मग एक सुखोई समोरून निघून जातं, मागून ज्वाळा ओकत, आणि आवाज छातीत घुमतो. पाठोपाठ दुसरं. लहान मुलांचे डोळे विस्फारलेले असतात. त्यानंतर आपला नंबर लागतो.

उशिराची बाकीची कारणं नेहमीची. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडलं की पुण्याचं वेळापत्रक कोलमडतं, कारण तेच विमान तिकडून येऊन परत जायचं असतं. पावसाळ्यात जोराच्या सरी आल्या की विमानं घिरट्या घालत राहतात किंवा दुसऱ्या शहराकडे वळवली जातात.

धावपट्टी एकच आहे, ती बंद पडली तर?

तर पुण्याला पर्याय उरत नाही, आणि हे एकदा घडलेलं आहे. धावपट्टीचं नूतनीकरण करायचं म्हणून २६ ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद होती. नंतर १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद राहिला. दसरा उलटून दिवाळीची चाहूल लागलेली, आणि प्रत्येकाला द्रुतगती मार्गानं मुंबई गाठावी लागत होती. एवढ्या मोठ्या शहराची सगळी हवाई वाहतूक एका पट्टीवर अवलंबून आहे, हे त्या दोन आठवड्यांत सगळ्यांना कळलं.

घरून किती आधी निघावं?

विमानतळावर देशांतर्गत विमानासाठी दोन तास आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी असावं. चेक-इनचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि मग विनंती करून उपयोग होत नाही.

पण खरा वेळ इमारतीत जात नाही, रस्त्यावर जातो. नगर रोडवर विमाननगरचा चौक, विमानतळाजवळचा ५०९ चौक, विश्रांतवाडीकडून येणारा रस्ता या तिन्ही ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी गाड्या अडकतात. कोथरूड, वारजे, सिंहगड रस्त्याकडून निघणाऱ्यांनी संध्याकाळच्या विमानासाठी दीड तास नुसता रस्त्याचा धरावा. हिंजवडीहून त्याहून जास्त. सातारा, सोलापूरकडून गाडीनं येणाऱ्या मंडळींना माझं सांगणं असतं की पुण्याच्या वेशीपर्यंतचा वेळ धरू नका, वेशीपासून पुढचा धरा. पहाटेच्या विमानाला हा त्रास नाही.

मेट्रोनं जाता येतं का?

अर्धवट. वनाझहून येणारी मेट्रो रामवाडीपर्यंत येते. रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा ६ मार्च २०२४ ला सुरू झाला. रामवाडीहून विमानतळ पाचेक किलोमीटर आहे, तिथून पीएमपीची फीडर बस किंवा रिक्षा घ्यावी लागते. कोथरूड, डेक्कन, शिवाजीनगर, पुणे स्टेशन या पट्ट्यात राहत असाल आणि एकच बॅग असेल, तर संध्याकाळच्या कोंडीत हाच मार्ग सर्वांत भरवशाचा. पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या विमानांसाठी मात्र मेट्रो उपयोगाची नाही, कारण ती सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते.

रामवाडीपासून वाघोलीकडे विठ्ठलवाडीपर्यंत मेट्रो वाढवायला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२५ च्या जूनमध्ये मंजुरी दिली. हा मार्ग नगर रोडनं सरळ पुढे जातो. वर्षाला कोटीभर माणसं ये-जा करतात त्या जागेला मेट्रो वळसा घालून जाते, हे मला पटलेलं नाही.

उतरल्यावर कॅब कुठे मिळते?

समोरच्या बहुमजली वाहनतळातून, म्हणजे एरोमॉलमधून. २०२२ मध्ये तो सुरू झाला, हजाराच्या आसपास गाड्या तिथं मावतात, आणि ॲपवरच्या कॅबनाही तिथूनच प्रवासी घ्यावे लागतात. आगमन दारातून बाहेर पडलं की पुलावरून किंवा रस्ता ओलांडून सामानाची गाडी ढकलत तिथवर जायचं. वयस्कर माणसांसाठी बॅटरीवरची गाडी असते, पण गर्दीच्या वेळी तिची वाट बघावी लागते. आई-वडील एकटे येत असतील तर त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा की दारात गाडी येणार नाही, समोर जायचं आहे. रात्री अकरा वाजता दारात उभं राहून चालकाला शोधणारी ज्येष्ठ माणसं बघवत नाहीत. दारापर्यंतची सोय अजून सुधारायला हवी.

डिजियात्रा वापरावी का? सक्तीची आहे का?

सक्तीची नाही. आवडत नसेल तर ओळखपत्र आणि बोर्डिंग पास दाखवून नेहमीच्या रांगेनं जाता येतं. चेहऱ्यावरून ओळख पटवून आत सोडणारी ही सोय पुण्यात २०२३ पासून आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये आधार जोडायचं, स्वतःचा फोटो द्यायचा, बोर्डिंग पास चढवायचा. मग दारात कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवला की फाटक उघडतं. फक्त देशांतर्गत प्रवासासाठी चालते. हे सगळं घरीच करून निघा, दारात उभं राहून नव्हे.

फराळ, लोणचं, खोबरं नेता येतं का?

पुण्याहून निघालेली बॅग खाण्याशिवाय बंद होत नाही, तेव्हा हे नीट सांगतो.

बाकरवडी, चकली, लाडू, करंज्या, शंकरपाळे, गूळपोळ्या हे कोरडे पदार्थ हातातल्या सामानातही चालतात. लोणचं चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या सामानात ते काढून ठेवायला लावतात. साजूक तूप, काकवी, सरबताचा अर्क हे द्रवात मोडतात. परदेशी विमानात हातात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, मग ती अर्धी रिकामी असली तरी.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठेच चालत नाहीत, ना हातात ना चेक-इनमध्ये. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि बंद जागेत साठवलं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत खोबरं धोकादायक मालात धरलं जातं. चिवड्यातल्या तळलेल्या कापांबद्दल हे नाही. पण लेकीच्या घरी भाजी-आमटीला म्हणून बांधलेल्या वाट्या तपासणीत बाहेर काढल्या जातात, आणि काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून त्या परत मिळत नाहीत. पॉवर बँकेचं उलटं आहे: ती हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही.

परदेशी जात असाल तर तिकडच्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम वेगळे बघा. ते इथल्या तपासणीत कोणी सांगणार नाही.

आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर कशी मिळते?

विमान कंपनीकडून. तिकीट काढतानाच मागणी नोंदवा, निदान ४८ तास आधी. दारात आयत्या वेळी मागितली तरी मिळते, पण ताटकळावं लागतं. नवी इमारत मोठी आहे, आतलं चालणं वाढलं आहे; घरात नीट चालणाऱ्या सत्तरीच्या माणसानंही संकोच न करता मागावी.

आतलं खाणं परवडतं का?

उडान यात्री कॅफे सुरू झाल्यापासून एक पर्याय आहे. १० रुपयांत चहा, १० रुपयांत पाण्याची बाटली, २० रुपयांत समोसा. इतर ठिकाणी चहालाच शंभराच्या वर मोजावे लागतात. घरची पोळी-भाजी डब्यातून नेली तर सुरक्षा तपासणीत हरकत घेत नाहीत.

आत फोटो काढले तर चालतं का?

इमारतीत स्वतःचे, कुटुंबाचे फोटो लोक काढतातच. पण विमानातून, पायऱ्यांवरून, बसमधून धावपट्टी, लढाऊ विमानं, हँगर यांचे फोटो आणि व्हिडिओ काढायला मनाई आहे. हा संरक्षण तळ आहे. खिडकीतून सुखोई दिसलं की हात मोबाइलकडे जातो हे खरं, पण बघा आणि लक्षात ठेवा, टिपू नका.

बिबट्याचं काय झालं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये धावपट्टीच्या परिसरात बिबट्या दिसला आणि काही महिने तो तिथेच वावरत राहिला. तळाचा परिसर मोठा, झाडोऱ्याचा, आत भुयारी गटारं. लपायला जागा भरपूर. पिंजरे आणि कॅमेरे लावून वनखात्यानं शेवटी त्याला पकडलं. पक्ष्यांचा प्रश्न मात्र कायमचा आहे. आसपास उघड्यावर टाकलेला कचरा घारींना बोलावतो आणि घार इंजिनात गेली की विमान माघारी येतं. लोहगाव, धानोरी, वाघोलीकडच्या रहिवाशांनी कचऱ्याबद्दल काटेकोर राहावं ते एवढ्यासाठी.

विमानतळाजवळ घर घेतोय. काय बघावं?

बांधकामाच्या उंचीला वायुदलाचा ना हरकत दाखला आहे का, हे पहिलं. तो नसेल तर वरचे मजले अडचणीत येऊ शकतात. दुसरं, १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली तळाच्या भिंतीलगत आणि दारूगोळ्याच्या साठ्याभोवती बांधकामाला बंदी असलेले पट्टे आहेत. साठ्याभोवतीचा पट्टा ९०० मीटरचा. तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांची घरदुरुस्तीसुद्धा अडते. दलाल हे सांगत नाहीत, सातबारावरही दिसत नाही. महापालिकेत जाऊन नकाशा बघा, मगच बयाणा द्या.

विमानतळाला तुकाराम महाराजांचं नाव मिळालं का?

‘जगद्‌गुरू संत तुकाराम महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ’ असं नाव द्यावं, हा ठराव राज्याच्या विधिमंडळानं २०२४ च्या डिसेंबरमध्ये मंजूर केला. अंतिम निर्णय केंद्राचा असतो. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, त्यामुळे हे नाव त्या मातीतलंच आहे. दिंड्या आळंदी-देहूला जाताना लोहगावचं नाव निघतंच.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर पुणेकरांनी तिकडे जावं का?

परदेशी प्रवासासाठी हळूहळू तो सोयीचा होत जाईल. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्‌घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. पनवेलच्या पलीकडेच असल्यानं मुंबईतल्या गर्दीत शिरावं लागत नाही. सांताक्रूझ-अंधेरीच्या कोंडीतला तास-दीड तास वाचतो. पण नवा विमानतळ आहे, लांब पल्ल्याच्या सेवा तिथे यायला वेळ लागेल. देशांतर्गत प्रवासाला मात्र घाट उतरून जाण्यात काहीच अर्थ नाही.

पुरंदरचा विमानतळ कधी होणार?

तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी आधी चाकण-राजगुरुनगरकडे जागा बघितल्या गेल्या, त्या सुटल्या. २०१६ मध्ये पुरंदर ठरलं. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी आणि वनपुरी या सात गावांची जमीन त्यासाठी लागणार आहे. छत्रपती संभाजी महाराजांचं नाव त्याला द्यायचं ठरलं आहे.

पुण्याला स्वतःची लांब धावपट्टी हवी, वायुदलाच्या वेळापत्रकाबाहेरची हवी, हे वर सांगितलेल्या सगळ्यातून दिसतंच. मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण पुरंदरची बाजू ऐकल्याशिवाय हे बोलू नये. ही माळरानं नाहीत. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या सीताफळांनी पुण्या-मुंबईचे बाजार भरतात, आणि या बागा पाण्याच्या थेंबाथेंबासाठी झगडून उभ्या केलेल्या आहेत. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोननं सर्वेक्षण करायला गेले तेव्हा गावकरी आणि पोलिस समोरासमोर आले, लोक जखमी झाले. त्यानंतर आराखड्यातली जमीन कमी करण्यात आली आणि मोबदल्याच्या वाटाघाटी पुढे सरकल्या. बरेच शेतकरी संमती देत गेले, काही अजून नाही म्हणतात.

बागायतदाराला जिरायतीचा दर मिळता कामा नये, विहीर, पाइपलाइन आणि फळझाडं झाडनिहाय मोजली गेली पाहिजेत, आणि विकसित भूखंडाचं आश्वासन ताबा घेण्याआधी कागदावर उतरलं पाहिजे. हे झालं तर काम पुढे जाईल. तोवर दुबई-बँकॉक लोहगावहून, आणि बाकीचं जग घाट उतरून.